कटात असणं आणि खुनात असणं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खुनाच्या खटल्यांच्या बातम्यांत 'कटात सामील, म्हणजे खुनाचाही दोषी' असं सरसकट छापून येतं. कायद्यात या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 61 प्रमाणे (1 जुलै 2024 पूर्वीच्या घटनांना जुन्या भारतीय दंड संहितेचं 120-ब) दोघांचं गुन्हा करायचं ठरलं की कटाचा गुन्हा तिथेच पूर्ण होतो, मग पुढे काही घडो न घडो. त्या कटातून खून झाला, तर कटवाल्याला खुन्याइतकीच शिक्षा होऊ शकते. खून झालाच नाही, तर कलम 55 प्रमाणे जास्तीत जास्त 7 वर्षं. त्या प्रयत्नात कुणाला दुखापत झाली असेल तर 14.

शिक्षा सारखी झाली तरी ती कटाच्या कलमाखाली होते. दुसऱ्याने केलेल्या खुनासाठी सगळ्या कटवाल्यांना थेट खुनाच्या कलमाखाली दोषी धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने संसद हल्ला खटल्यात 2005 मध्ये स्पष्ट केलं. समजा, तिघांनी गोदाम फोडायचं ठरवलं. एकाने किल्लीचा ठसा काढून दिला आणि तो घरीच राहिला. आत रखवालदाराला भोसकलं गेलं. घरी बसलेल्यावर घरफोडीचा कट लागतोच. खुनापर्यंत त्याला ओढायचं, तर तो खून ठरलेल्या बेताचा संभाव्य परिणाम होता, हे कलम 51 खाली दाखवावं लागतं. बरोबर सुरा नेणार हे त्याला ठाऊक होतं का? सगळा खटला तिथे येऊन अडतो.

सरकार पक्षाचं घोडं बहुधा पुराव्यात अडतं. सीडीआरवरून, म्हणजे मोबाइल कंपनीकडच्या कॉलच्या नोंदींवरून, कोण कुणाशी किती सेकंद बोललं ते कळतं, काय ठरलं ते नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या नव्या कायद्याच्या) कलम 8 ने एका कटवाल्याचं बोलणं दुसऱ्याविरुद्ध वापरता येतं. पण आधी कट असल्याचं मानायला वाजवी कारण लागतं, आणि ते बोलणं कट चालू असतानाचंच हवं. अटकेनंतर पोलिसांपुढे दिलेली कबुली या कलमात बसत नाही. (बातमीचा मथळा मात्र नेमका तिच्यावरच असतो.)

राजीव गांधी हत्या खटल्यात विशेष न्यायालयाने 26 जणांना फाशी सुनावली होती. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हत्येच्या कटात 7 जणांनाच दोषी ठरवलं. मारेकऱ्यांशी ओळख असणं किंवा हत्येनंतर त्यांना आसरा देणं म्हणजे हत्येला आधी संमती देणं नव्हे.

वार्ताहरांना एक विनंती. आरोपपत्रातली कलमं पोलिसांनी लावलेली असतात; न्यायालय जे ठेवतं तो दोषारोप. कोणत्या आरोपीवर कट आहे, कुणावर खून आणि कुणावर दोन्ही, हे दोषारोपात वेगवेगळं लिहिलेलं असतं. बातमी तो कागद वाचून द्यावी.

— एक फौजदारी वकील