ताप खोटा, बाकी सगळं खरं

देवरुख,
16 नोव्हेंबर 2025

प्रिय दत्त्या,

आठ महिने झाले. तू फोन केला नाहीस, मीही केला नाही. आधी कोण बोलतो या खेळात तू बालवाडीपासून जिंकत आलायस, तेव्हा घे, हेही जिंकलास. फोन मुद्दामच करत नाहीये. फोनवर तू मधेच तोंड घालतोस, आणि आज मला सलग बोलायचंय.

तब्येत बरी आहे. गुडघा आहे तसाच आहे. मला ताप आल्याचं गुरुजींकडून तुझ्या कानावर आलं असेल. तो ताप खोटा होता. त्याचंच सांगतो.

सोमवारी तिन्हीसांजेला सुलभा मागल्या दारी कढीपत्ता तोडायला गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, कुकर कोणी लावला?"

घरात कुकर लावलेला नव्हता.

तुला पुढचं सांगायला नको. मला मात्र ते कळायला अर्धं मिनिट लागलं. बॅटरी घेऊन गेलो तर गडगा घालून उरलेल्या चिऱ्यांचा ढीग आहे ना, त्या दगडांच्या पायथ्याशी जाडजूड वेटोळं, अंगावर साखळीसारखे ठिपके. आणि मी काय बोललो असेन? "अगं, अजगराचं पिल्लू आहे, घाबरू नकोस." काठी घेऊन त्याला बाजूला करायला निघालो! साठीला टेकलेला मी, साप चावलेल्या बंड्याचं डोकं मांडीवर घेऊन रात्रभर बसलेला मी. सुलभाने मागून सदरा धरून ओढला, बटण तुटलं. म्हणाली, "अजगर असा शिट्टी मारतो का?"

घोणस होती. सुलभाचं पाऊल आणि ती यांत वीतभर अंतर असेल. पायात रबरी सपाता.

सर्पमित्र पोरगा तासाभरात आला. फार फार तर पंचवीस वर्षांचा, पण हात इतका शांत की बघत राहावं. पाईपचं तोंड तिच्यापुढे धरलं, आकडीने हलकेच वळवलं, ती आपल्या पायांनी, म्हणजे आपल्या पोटाने, आत गेली आणि पिशवीत. मग वनखात्याला फोन लावून त्याने माझ्याकडे पाहिलं, पाखरांसाठी दांडीला टांगलेल्या थाळीकडे पाहिलं, खाली पडलेल्या तांदळाच्या कणीवर बॅटरी मारली. ढिगाखाली घुशीची दोन बिळं, तोंडाशी ताजी माती. "काका, कणी तुम्ही टाकलीत म्हणून उंदीर आले. उंदीर आले म्हणून ही बाय आली. तिची काय चूक?" चहा न घेता गेला.

तेव्हापासून मला झोप नाही, दत्त्या. साप निघाला म्हणून नाही. कोकणात राहायचं आणि साप नको म्हणायचं, म्हणजे पुण्यात राहून पाट्या नकोत म्हणण्यासारखं. हा साप मी पाहुणचार करून आणला, आणि ते कोणाला सांगावं तर तू सोडून कोणी नाही. त्या 1978 च्या पावसाळ्यात बंड्याला चावलेलं फुरसं तरी आपलं आपण आलं होतं. ते आपण बोलावलं नव्हतं.

कसं झालं ते ऐक. नोकरी सोडून आलो तेव्हा पहिल्या वर्षी नुसती परसात खुर्ची टाकून बसायचो. साळुंक्या यायच्या, सातभाई यायचे आणि भांडून जायचे. वाटलं, यांना काहीतरी घालू. आधी शिळा भात. त्याला कावळे आले, मग वाडीतले दोन कुत्रे आले, आणि एका रात्री त्यातला एक कुत्रा गेला. वाडीत म्हणाले, वाघ. म्हणजे बिबळ्या. मी भात बंद केला, पण धडा काय घेतला, तर शिजवलेलं नको, कोरडं घालू. गिरणीतून दहा किलो कणी आणली. वर कधीमधी शेव. हो, शेव. हसू नकोस. सुलभा तेव्हाच म्हणाली होती की एवढं मीठ त्या जिवांना कशाला. मग केळी ठेवू लागलो, तर वांदरांची सगळी बिऱ्हाडं उतरली, दोन कौलं फुटली, शेजारच्या काकूंचे पपईचे घड गेले. काकू अजून माझ्याशी तुटक बोलतात. तरी मी थांबलो नाही. आणि या महिन्यात भात कापून झाले, शेतं रिकामी झाली, की उंदीर घरांकडे वळतात हे आपल्याला काय कोणी शिकवायला हवं? पण मी रोज संध्याकाळी ओंजळभर कणी टाकून त्यांचं रात्रीचं पान वाढत होतो.

आता खरी गंमत. बुधवारी, 12 तारखेला, सलीम अलींच्या जन्मदिवशी, पक्षी सप्ताहाचा शेवट म्हणून शाळेची तिसरी-चौथीची पोरं माझ्याकडे पक्षी बघायला यायची होती. बावीस पोरं. निम्मी अनवाणी. मी त्यांना कुठे बसवणार होतो माहितीये? त्या चिऱ्यांवर. बसायला बरे पडतात म्हणून.

मंगळवारी सकाळी गुरुजींना फोन करून सांगितलं, ताप आलाय, पोरांना आणू नका. खरं सांगायचं धैर्य झालं नाही. सुलभा म्हणते, त्यात लाज कसली, साप निघाला म्हणून सांगायचं. पण साप निघाला एवढंच सांगितलं असतं तरी ते खोटंच झालं असतं, नाही का? गुरुजी बिचारे संध्याकाळी पेज घेऊन आले. मी पांघरूण घेऊन पडलो. नोव्हेंबरात, कोकणात, पांघरूण!

बुधवारी आरोग्य केंद्रात जाऊन आलो. विचारलं, सापाचं औषध आहे का शिल्लक? बाईंनी कपाट उघडून कुप्या दाखवल्या. हाफकिन संस्थेचं नाव वाचलं आणि तू आठवलास. तीस वर्षं परळला त्याच फाटकासमोरून कामाला जायचास आणि एकदाही सांगितलं नाहीस की ही मंडळी घोड्यांपासून आपल्यासाठी हे बनवतात. की सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नाही? त्या बाईंनी नाग, मण्यार, घोणस, फुरसं अशी चार बोटं मोजून दाखवली. चौघांना एकच औषध. मला तिथे उभ्या उभ्या बंड्याच्या वेळी मांत्रिकापाशी गेलेला तो दीड तास आठवला. तू तेव्हाही म्हणत होतास, गाडी बघू, गाडी बघू. तुझं कोणी ऐकलं नाही. मीही नाही. आता 108 चा नंबर फळीवर मोठा लिहून ठेवलाय.

मग कामाला लागलो. ढीग हलवला, पण हाताने नाही, भर दुपारी, फावड्याने, बूट घालून. बिळं बुजवली. कणी उरलेली चार किलो कोंबड्यांना दिली. थाळी काढून टाकावी की ठेवावी हा प्रश्न मात्र सुटत नाही. सुलभा म्हणते, काढा. सर्पमित्र फोनवर म्हणाला, ठेवायचीच असेल तर सकाळी अर्ध्या तासात संपेल एवढंच घाला, सांडलेलं झाडा, अंधारापूर्वी थाळी घरात. दांडा झाडांपासून आठ-दहा फूट लांब, नाहीतर खारी उडी मारतात. दांड्याला मी पत्रा गुंडाळला, उंदरांसाठी माडाला मारतो तसा. आयुष्यभर माडाला पत्रा मारणाऱ्या घरातला मी, हे सुचायला घोणस यावी लागली.

आणि पाणी. मातीची पसरट थाळी, दोन बोटं पाणी, आत एक खडबडीत चिरा. रोज सकाळी ओतून घासतो, नाहीतर आठवड्यात डास तयार, आणि डेंग्यूचा ताप खोटा नसतो. शुक्रवारी दुपारी खिडकीतून बघतोय, तर स्वर्गीय नर्तक. नर! ती पांढरी लांब शेपटी. वरून सूर मारून पाण्यात बुडी, परत फांदीवर, परत बुडी, सहा वेळा. हा किडे खाणारा पक्षी, माझ्या कणीकडे त्याने जन्मात पाहिलं नसतं. दयाळ येतो. शिपाई बुलबुल तर कढीपत्त्याची काळी फळं खाऊन तिथेच अंग धुतात. म्हणजे ज्याच्यासाठी सुलभा त्या संध्याकाळी गेली ते झाड आधीपासून पंगत वाढत होतं, कोणाला न बोलावता. जास्वंदीवर शिंजीर, शेवग्यावर शिंजीर. मी मधेच दहा किलो कणी घेऊन कशाला नाचत होतो?

खरं तर माहितीये कशाला. सकाळी थाळी वाजवली की साळुंक्या यायच्या. फक्त मी वाजवली की. सुलभाने वाजवली तर नाही.

हे लिहिलं आणि थोडा वेळ पेन ठेवलं.

तुझ्या गॅलरीत मार्चमध्ये मी कबुतरांवरून जे बोललो ते बोलायला नको होतं. विष्ठा, फुप्फुसं, दम्याचे पेशंट, ते सगळं खरंच होतं, आणि ऑगस्टात दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली तेव्हा मी इथे एकटाच "बघ, सांगत होतो" म्हणून पेपर आपटला, हेही कबूल करतो. पण तुझ्या आईच्या डब्यातली ज्वारी तू त्यांना का टाकतोस ते मला माहीत होतं, आणि माहीत असून मी ते वहिनींसमोर बोललो. कबुतरांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. एवढं स्पष्ट असू दे, नाहीतर तू लगेच पेढे वाटशील.

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? निखिलची नोकरी लागली असं मोघम कळलं, कुठे ते कळव. नवीन चाळीचं, म्हणजे टॉवरचं, काय ठरलं?

मला अजून गुरुजींना खरं सांगायचंय. पोरांना डिसेंबरात बोलवावं म्हणतो, पाण्याची थाळी दाखवायला, आणि बिळंही दाखवायला. एकट्याने बोलायला जीभ रेटत नाही. तू असलास तर बरं. तुतारी एक्सप्रेसने ये, मध्यरात्री दादरला बसलास की पहाटे संगमेश्वर. मी रिक्षा घेऊन येतो.

येताना बूट आण, चपला नकोत. ज्वारी आणू नकोस. किंवा आण, भाकऱ्या करू.

तुझा,
बाळ्या

ता. क. सदऱ्याचं बटण सुलभाने अजून लावलेलं नाही. म्हणते, राहू दे, आठवण राहील.