थोरला पाळक व्हायचं म्हणतोय

प्रिय मित्रा,

सलाम. तब्येत बरी आहे, शुगर कंट्रोलमध्ये. लिहितोय कारण हे तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

थोरला चर्चचा पाळक व्हायला सेमिनरीत जायचं म्हणतोय. आजोबांनी विषय काढला की ताटावरून उठून जाणारा हाच पोरगा. कॅनडाचा व्हिसा नाकारला, मग नोकरी गेली, मग ते लग्नाचं, तुला माहितीये. आता म्हणतो, पप्पा, खूप पळालो, देवापुढे कुणाचं चालतं का. मंडळीत सगळे खूश, घरात हिने तर आभाराची प्रार्थना पण ठेवली, आणि मला मात्र रात्री झोप नाही.

बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा नववा अध्याय मी मानतो रे, मनापासून मानतो. मातीने कुंभाराला जाब विचारायचा नसतो. निर्गममध्ये मिसरचा राजा फारो स्वतःच मन कठीण करतो असंही आहे आणि देव करतो असंही, त्यावरून होस्टेलवर रात्रभर भांडलो होतो आपण, तू फारोचा वकील, तेही बिनफीचा!

पण परवा योनाचं पुस्तक परत वाचलं. देव निनवेला जा म्हणाला तर हा संदेष्टा उलट तार्शीशच्या जहाजात बसून पळाला. वादळ देवाचं ऐकतं, मासा ऐकतो, वेल उगवतो, किडा तो खातो, गरम वारा सुटतो, सगळं हुकमासरशी. तार्शीशचं भाडं भरलेला माणूस शेवटी निनवेला पोचतोच, तिथं त्याचं काही चालत नाही. पण देवाने नाश टाळला, गाव वाचलं म्हणून हा रुसून बसतो, मरण मागतो. आणि माशाला हुकूम करणारा देव त्याच्याशी मात्र बोलत बसतो, तुझं रागावणं बरोबर आहे का म्हणून विचारतो. पुस्तक संपतं तेही प्रश्नावरच, 1,20,000 च्या वर माणसं आणि एवढी गुरंढोरं, मला त्यांची कीव येऊ नये का. योना काय म्हणाला ते लिहिलेलंच नाही.

मला तीच भीती आहे. पोरगा निनवेला पोचेल, पण तिथल्या माणसांवर माया करेल का? मयत, आजारपण, नवराबायकोची भांडणं, पाळकाला रात्री-अपरात्री उठून जावं लागतं, माझे वडील हसत जायचे. हा थकून देवाला शरण आलाय का बोलावणं आलं म्हणून निघालाय, मला कळत नाही, आणि विचारलं तर चिडतो.

आणि तू सेमिनरी सोडून बँकेत गेलास तेव्हा मी तुला योना म्हणालो, किती दिवस बोलला नाहीस. मी अजूनही म्हणतो की पळालास. पण त्याच्या इच्छेपुढे कुणाचंच चालत नाही तर तू सुटलास कसा? अडाणी म्हाताऱ्यांचे कर्जाचे फॉर्म तू ब्रँच बंद झाल्यावर बसून भरून द्यायचास, ते कुणी करून घेतलं तुझ्याकडून? याचं उत्तर दे मला, टाळू नकोस.

वहिनींचा गुडघा कसाय? धाकटीचा निकाल लागला का? तुझ्या रिटायरमेंटचं जेवण बाकी आहे.

रविवारी उपासना झाली की थोरल्याला फोन कर, मी सांगितलं म्हणू नकोस. देवाने बोलावलं का वगैरे विचारू नको, त्याचं उत्तर त्याने पाठ केलंय. माणसं आवडतात का एवढंच विचार. तो काय म्हणाला ते मला जसंच्या तसं सांग, गोड करून नको.

तुझाच