वॉशिंग्टन स्ट्रीटवरच्या दोन इमारतींसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

जर्सी सिटीहून पाथ ट्रेनने वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरून ऑफिस गाठणारे आपल्या मंडळात पुष्कळ आहेत. स्टेशनातून दक्षिणेला थोडं चाललं की वॉशिंग्टन स्ट्रीटवर तीन जुन्या इमारती खेटून उभ्या दिसतात. 103 क्रमांकाचं पांढऱ्या टेराकोटाचं सेंट जॉर्ज चर्च, 105-107 चं विटांचं कम्युनिटी हाऊस आणि 109 ची चाळवजा इमारत. न्यूयॉर्कची ‘लिटल सीरिया’ म्हणजे सीरियन लोकांची जुनी वस्ती या रस्त्यावर इतकीच उरली आहे. चर्चला 2009 मध्ये शहराने संरक्षित वास्तूचा दर्जा दिला (तिथे नंतर पब चालला, ती गोष्ट वेगळी). शेजारच्या दोघींना तो दर्जा नाही. त्यांच्यासाठी हे पत्र.

1880 च्या दशकापासून उस्मानी साम्राज्यातल्या सीरिया नावाच्या प्रदेशातून माणसं इथे येऊ लागली. आजचा सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाईन हे सगळं त्या एका नावात आलं. बहुतेक जण ख्रिस्ती होते. अनेकांनी सुरुवात फेरीवाले म्हणून केली. रस्त्यावरच्या घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर जपमाळा, क्रूस, लेस, सुया-दोरे घ्यायचे, पेटी पाठीवर टाकायची आणि खेडोपाडी दारोदार विकायचं. बायकाही हा धंदा करत. पैसे साठले की दुकान. 1895 मध्ये इथे सुरू झालेलं सहादींचं किराणा दुकान पुढे ब्रुकलिनच्या अटलांटिक अव्हेन्यूवर गेलं. आपल्यातले कितीतरी जण मसाले आणि सुकामेवा तिथूनच आणतात.

अमेरिकेतलं पहिलं अरबी वर्तमानपत्र ‘कौकब अमेरिका’ 1892 मध्ये न्यूयॉर्कमध्येच निघालं. पुढे ‘अल-हुदा’ या अरबी वर्तमानपत्राच्या मुकर्झल बंधूंपैकी सल्लूम यांनी छपाईच्या ओळी जुळवणारं लायनोटाइप यंत्र अरबी लिपीसाठी बसवून घेतलं. देवनागरीचे खिळे जुळवताना होणारी दमछाक ज्यांनी छापखान्यात पाहिली आहे, त्यांना या कामाचं मोल वेगळं सांगायला नको. 1920 मध्ये खलील जिब्रानच्या अध्यक्षतेखाली इथल्या अरबी लेखकांनी ‘लेखणी संघ’ काढला आणि अरबी कवितेला नवं वळण दिलं. वि. स. खांडेकरांनी मराठीत आणलेला जिब्रान तो हाच.

वस्ती मोडली ती ब्रुकलिन-बॅटरी बोगद्यामुळे. 1940 मध्ये काम सुरू झालं आणि त्याच्या वाटा काढायला घरं पाडली गेली. लोक आधीपासूनच ब्रुकलिनला सरकत होते, उरलेलेही गेले.

मंडळाच्या बैठकीत एका काकांनी रोखठोक विचारलं, “सीरियन लोकांचं आपण का करायचं?” प्रश्न रास्त आहे. 1915 मध्ये जॉर्ज डाऊ या सीरियन स्थलांतरिताच्या खटल्यात अपील न्यायालयाने सीरियन लोकांना ‘गोरे’ ठरवलं, म्हणून त्यांना नागरिकत्व मिळालं. 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाबहून आलेल्या भगतसिंग थिंद यांना नेमकं तेच नाकारलं आणि कित्येक भारतीयांचं मिळालेलं नागरिकत्वही काढून घेतलं गेलं. 1924 च्या स्थलांतर कायद्याने सीरिया-लेबनॉनहून येणाऱ्यांसाठी वर्षाला 100 जागा ठेवल्या. आपल्याला 100 जागा मिळायला 1946 उजाडावं लागलं. एकाच दारात उभे राहिलेले हे दोन समाज आहेत. त्यांचा इतिहास समजल्याशिवाय आपला अर्धाच कळतो, असं आम्हाला वाटतं.

मदत तीन प्रकारची हवी आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पत्रं. लोअर मॅनहॅटनमध्ये राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्या प्रत्येकाने शहराच्या वारसा आयोगाला 105-107 आणि 109 क्रमांकाच्या इमारतींना संरक्षण द्या असं स्वतःच्या शब्दांत लिहावं. एकाच मजकुराच्या शंभर प्रतींपेक्षा वेगवेगळी दहा पत्रं जास्त उपयोगी पडतात. मसुदा लागलाच तर मागा, पण जसाच्या तसा पाठवू नका.

दुसरं, मराठी शाळेतल्या मुलांना आणि पालकांना हा भाग पायी दाखवायचा आहे. त्यासाठी नकाशासह छोटी मराठी पुस्तिका छापायची आहे. छपाईसाठी कुटुंबामागे 20 डॉलर द्यावेत ही विनंती. जास्त दिलेत तर आनंदच. पैसे खजिनदारांकडे द्यावेत, पावती मिळेल.

तिसरं, ज्यांचे शेजारी, सहकारी किंवा व्याही-विहीण सीरियन-लेबनीज आहेत, त्यांनी घरातले जुने फोटो, दुकानाच्या पावत्या, पत्रं यांबद्दल चौकशी करावी. वस्तू कायमच्या मागू नका. ज्यांच्या वस्तू त्यांच्या परवानगीने स्कॅन करून मूळ वस्तू त्याच दिवशी परत द्यायची, हा नियम आपण ठेवला आहे. अरबी वाचता येणारं कोणी ओळखीचं असेल तर आधी त्यांचं नाव कळवा, बाकीचं नंतर बघू.

आपली,
कार्यकारिणी