मशीन न उघडताच ‘नवीन घ्या’ असा अहवाल दिल्याबद्दल तक्रार

कराड, जि. सातारा
दिनांक : २४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय : डेस्कटॉप न तपासता दिलेला चुकीचा अहवाल व तपासणी शुल्काचे ५९० रुपये परत मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

मी कराडमध्ये डीटीपीचे, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून छपाईची पाने तयार करण्याचे काम करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका अशी कामे असतात. आपल्या कंपनीचा डेस्कटॉप मी ऑगस्ट २०१८ मध्ये घेतला आणि सात वर्षे माझे घर त्याच्यावर चालले. त्या मशीनबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती २७ ऑक्टोबरला आपल्या कोल्हापूरच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जे घडले त्याबद्दल.

वर्षभरापासून मशीन मंदावत चालले होते. दिवाळीच्या आधी तर बटण दाबून मी दुकान झाडून घ्यायचे, देवासमोर उदबत्ती लावायचे, तरी स्क्रीनवरचे चक्र फिरतच असायचे. एकदा घड्याळ लावून पाहिले, काम सुरू करता येईपर्यंत अकरा मिनिटे गेली. त्यात १४ ऑक्टोबरला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची झुंबड उडते, त्याआधी मला ठरवायचे होते की हे दुरुस्त करायचे की नवे घ्यायचे.

माझ्यासारखीला हा प्रश्न फक्त पैशांचा नसतो. माझ्याकडच्या जुन्या फाइल पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमधल्या आहेत, त्यातले फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर अक्षरे सारखी दिसण्याच्या पद्धतीच्या, आधीचे. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. फॉन्टचे सॉफ्टवेअर यूएसबी लॉकवर, म्हणजे मशीनला खोचलेल्या किल्लीवर चालते, ते नव्या मशीनवर चालेलच याची खात्री कोणी देत नाही. म्हणून तर जाणकाराचा सल्ला हवा होता, आणि तो कंपनीच्याच माणसाकडून घ्यावा असे मला वाटले.

सीपीयू चादरीत गुंडाळून मी एसटीने कोल्हापूरला नेला. काउंटरवर सिरियल नंबर पाहून तो आत नेला आणि वीस मिनिटांत कागद हातात दिला. त्यावर लिहिले होते, ‘मदरबोर्ड कमकुवत. मशीन जुने. विंडोज ११ चालणार नाही. दुरुस्ती परवडणारी नाही.’ तपासणीचे ५०० रुपये आणि जीएसटी, एकूण ५९० रुपये घेतले. त्या कागदासोबतच नव्या डेस्कटॉपचे ४८,५०० रुपयांचे कोटेशन जोडलेले होते. हार्ड डिस्क तपासली का, असे मी विचारले. ‘मॅडम, सात वर्षांचे मशीन आहे, त्यात काय तपासायचे?’ हे मला मिळालेले उत्तर आहे.

घरी आल्यावर चादर सोडली तेव्हा लक्षात आले की बाजूच्या झाकणाच्या सांध्यावर आपल्या कंपनीचे जे स्टिकर २०१८ पासून आहे ते अखंड होते. मागच्या स्क्रूंच्या खाचांत धूळ जशीच्या तशी बसलेली होती. झाकण उघडलेच नव्हते. मी तिथेच फोटो काढून ठेवले, ते सोबत जोडले आहेत.

मग गावातल्या एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने माझ्यासमोर मशीन उघडले. पंख्यावर धुळीचा नमदा झाला होता आणि प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झाली होती. ते साफ करून त्याने हार्ड डिस्कची तपासणी लावली, तर पिवळा इशारा आला. डिस्कवरचे काही भाग खराब होऊन त्यांच्या जागी राखीव भाग वापरात आले होते. दुसरे कारण रॅम, म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी. मशीनला ४ जीबीच रॅम आहे, ती भरली की विंडोज उरलेला भार हार्ड डिस्कवर टाकते, आणि इथे डिस्कच आजारी. दोन फाइल आणि ब्राउझर एकत्र उघडले की टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर का अडकायची ते मला त्या दिवशी कळले. मदरबोर्डमध्ये, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य सर्किट बोर्डात, दोष सापडला नाही.

त्याने जुनी डिस्क जशीच्या तशी ५०० जीबीच्या एसएसडीवर (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवणुकीवर) उतरवली आणि ८ जीबी रॅम वाढवली. मजुरीसह ७,२०० रुपये झाले. माझे पेजमेकर, फॉन्ट, लॉक, सगळे जागच्या जागी चालू आहे. आता बटण दाबल्यापासून अर्ध्या मिनिटात मी काम सुरू करते.

विंडोज ११ बद्दल तर अहवालातले वाक्य सरळ खोटे आहे. माझ्या मशीनमध्ये आठव्या पिढीचा कोअर आय-३ प्रोसेसर आहे आणि विंडोज ११ साठीच्या मायक्रोसॉफ्टच्या यादीत तो बसतो. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची टीपीएम सोय बंद होती, तेवढी चालू केल्यावर मायक्रोसॉफ्टच्याच तपासणी अ‍ॅपने मशीन पात्र असल्याचे दाखवले. लग्नसराई संपेपर्यंत मी काही बदलणार नाही. विंडोज १० चे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्यासाठी नोंदणी केली आहे.

प्रत्येक जुने मशीन दुरुस्त करावे असे माझे म्हणणे नाही. माझ्याच दुकानात २०१४ चा एक डेस्कटॉप आहे, चौथ्या पिढीच्या प्रोसेसरचा. तो विंडोज ११ च्या यादीत बसत नाही आणि त्यावर मी आता एक रुपयाही घालणार नाही. या मशीनचा मदरबोर्ड खरेच गेला असता तर मी आपलेच नवे मशीन घेतले असते. पण निर्णय माझा होता आणि त्यासाठी खरी माहिती लागत होती. तीच आपण पैसे घेऊन चुकीची दिली. कर्ज काढून ४८,५०० रुपये भरण्याच्या तयारीत मी दोन रात्री काढल्या, हे मला विसरता येत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. तपासणी झालीच नाही, तेव्हा ५९० रुपये परत करावेत. ‘मदरबोर्ड कमकुवत’ हा निष्कर्ष कोणत्या चाचणीवरून काढला, त्याचे लेखी उत्तर द्यावे. यापुढे अहवालावर हार्ड डिस्क, रॅम व तापमान यांच्या तपासणीचे निकाल छापावेत आणि ग्राहक मागेल तर मशीन त्याच्यासमोर उघडावे. आणखी एक, या मॉडेलच्या पॉवर सप्लायची जोडणी बाजारातल्या नेहमीच्या सप्लायसारखी नाही. तो उद्या गेला तर गावात मिळणार नाही, आणि आपल्या सेंटरने ‘पार्ट येत नाही’ असे तोंडी सांगितले. तो किती दिवस, किती किमतीला मिळेल हे कळवावे. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले ते ग्राहकाला अशी माहिती मिळावी म्हणूनच.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीसाठी जिल्हा आयोगाकडे अर्ज करीन. खरेदीचे बिल, आपला अहवाल, ५९० रुपयांची पावती, कोटेशन, स्टिकरचे व स्क्रूंचे फोटो आणि हार्ड डिस्क तपासणीचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. जुनी डिस्क मी जपून ठेवली आहे. आपल्या माणसाला ती पाहायची असेल तर दुकान सकाळी दहा ते रात्री आठ उघडे असते.

आपली,
एक ग्राहक
(डीटीपी व्यावसायिक, कराड)