विन्याला पत्र : कायोवा काउंटीतली वादळं

प्रिय विन्या,

तुझा मेसेज मिळाला. व्हॉट्सॲपवर दोन ओळीत उत्तर द्यायचा हा विषयच नाही म्हणून आज रविवारी निवांत लॅपटॉप उघडून बसलोय, चहा घेऊन बस आणि सावकाश वाच. तुझ्या नववीच्या पोरांना टोर्नेडो शिकवायचाय आणि पुस्तकात सहा ओळी आहेत, त्यातल्या दोन चुकीच्या, हे ऐकून हसू आलं. तू विचारलंस तसं ओक्लाहोमा, कॅन्सस सगळंच सांगत बसलो तर पुराण होईल, त्यापेक्षा एकच काउंटी घेतो, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातली कायोवा काउंटी. आपल्याकडचा तालुका समज, पण माणसं म्हणशील तर २०२० च्या जनगणनेत अख्ख्या काउंटीत २४६० फक्त, म्हणजे आपल्या आठवडी बाजाराला याच्यापेक्षा जास्त येतात.

मी राहतो त्या विचिटाहून पश्चिमेला ५४ नंबरचा हायवे पकडायचा, प्रॅट मागं टाकलं की हॅविलँड, मग ग्रीन्सबर्ग, मग मलिनव्हिल. दोन तास सरळ रस्ता, दोन्हीकडं गहू, मधेच एखादं पांढरं उंच धान्याचं एलिव्हेटर, म्हणजे धान्य साठवायचं कोठार, दिसलं की समजायचं गाव आलं. मलिनव्हिलला एका माणसानं, एम. टी. लिगेट नाव त्याचं, आता वारला, हायवेच्या कडेनं भंगारातल्या पत्र्यांचे चित्रविचित्र पुतळे उभे केलेत, त्यातले निम्मे पुढाऱ्यांची टर उडवणारे, तुला फार आवडले असते. असो.

आता टोर्नेडो तिथंच का, तर तुला भूगोलवाल्याला मी काय सांगणार, पण पोरांसाठी सोपं करून सांगतो. वसंतात मेक्सिकोच्या आखाताकडून दमट गरम हवा जमिनीलगत उत्तरेकडं येते, पश्चिमेकडून वाळवंटातली कोरडी हवा तिच्यावर चढते, आणि त्याच्याही वर गार वाऱ्याचा जोरदार झोत. आपला वळीव आठव, दुपारभर उकाडा आणि चारला ढग चढायला लागतात, तिथपर्यंत गोष्ट तीच. फरक असा की इथं जमिनीजवळचा वारा एका दिशेनं आणि वरचा वेगळ्याच दिशेनं, दुप्पट-तिप्पट वेगानं, त्यामुळं हवेला आडवा पीळ बसतो आणि वर चढणारी गरम हवा तो पीळ उभा करते. मग अख्खा ढगच फिरायला लागतो, त्याला सुपरसेल म्हणतात. त्यातून गरगरणारी सोंड खाली उतरून जमिनीला टेकली की तो टोर्नेडो. फिरणाऱ्या प्रत्येक ढगातून टोर्नेडो निघतोच असं नाही, बहुतेकांतून निघत नाही, आणि नेमका ह्याच्यातून का आणि त्याच्यातून का नाही ह्याचं पक्कं उत्तर अजून शास्त्रज्ञांकडंही नाही. आणि हो, पुस्तकात ‘चक्रीवादळाचा प्रकार’ असं लिहिलं असेल तर खोडून टाक, चक्रीवादळ समुद्रावरचं, शेकडो किलोमीटर पसरलेलं आणि दिवसेंदिवस चालणारं, आणि हे म्हणजे बहुतेक वेळा काही मिनिटांचा, क्वचितच तासाभराच्या वर चालणारा खेळ.

आता खरी गोष्ट. २२ जून १९२८, ग्रीन्सबर्गजवळचा विल केलर नावाचा शेतकरी दुपारी तीन-चारच्या सुमाराला घरच्यांना घेऊन शेतात उभा होता, कारण नुकतीच गारपीट होऊन गव्हाचं सगळं पीक गेलेलं. जूनमध्ये इथं गहू काढणीला आलेला असतो, म्हणजे वर्षाची कमाई डोळ्यांदेखत झोपलेली, त्याची काय अवस्था असेल हे तुझ्या घरी वेगळं सांगायला नको. तर तिथं उभं असताना त्याला नैर्ऋत्येला छत्रीसारखा ढग दिसला, आणि त्याला तीन सोंडा लोंबतायत, त्यातली एक सरळ ह्यांच्याकडं. सगळ्यांना पळवत घराकडं आणलं आणि तळघरात उतरवलं. त्या काळी इथल्या शेतकऱ्यांच्या घरालगत जमिनीत खणलेलं एक तळघर असायचंच, वरून जाड दार, एरवी त्यात बटाटे आणि बरण्या. सगळे आत गेल्यावर हा बाबा दार लावायच्या आधी वळून बघायला थांबला! वादळं आधी पाहिलेली, घाबरलो नाही म्हणतो. आणि तेवढ्यात सोंडेचं टोक जमिनीवरून उचललं गेलं आणि बरोब्बर ह्याच्या डोक्यावर आलं.

त्यानं वर बघितलं. वारा एकदम थांबलेला, गॅससारखा उग्र वास, श्वास घेववेना, टोकाकडून किंचाळल्यासारखा फुसफुसाट. वर गोल भोक, पन्नास ते शंभर फूट रुंद, आणि ते सरळ वर किमान अर्धा मैल गेलेलं, भिंती फिरणाऱ्या ढगांच्या, आणि आत सतत इकडून तिकडं विजा चमकतायत म्हणून सगळं लख्ख दिसतंय. खालच्या काठावर छोटे छोटे टोर्नेडो तयार होऊन सुटतायत, शेपटासारखे वळवळतायत, फुसफुस आवाज त्यांचाच. मग ते पुढं सरकलं, परत खाली टेकलं आणि शेजाऱ्याचं घर आणि गोठा घेऊन गेलं. शेजारीसुद्धा बायकापोरांसकट गारपिटीचं शेत बघायला बाहेर पडलेला, तळघर गाठायला वेळच नव्हता, एका छोट्या दरडीआड सगळे पालथे पडले आणि आलुबुखाराची झुडपं घट्ट धरून राहिले. त्या माणसाला डोक्यावर आपल्याच घराचे तुकडे गरगरताना दिसत होते, त्यात स्वयंपाकघरातली चूलसुद्धा. एकालाही लागलं नाही. खरं सांगू, मला केलरच्या त्या भोकापेक्षा ही चूल जास्त खरी वाटते, असली गोष्ट कुणी मनानं रचत नाही.

आणि हे आपल्याला कळलं कसं? तर पुढं केलर डॉज सिटीच्या हवामान कचेरीत गेला आणि तिथल्या अलोन्झो जस्टिस नावाच्या अधिकाऱ्यानं त्याचं सगळं म्हणणं लिहून घेतलं, १९३० साली ते अमेरिकन हवामान खात्याच्या मासिकात छापून आलं. टोर्नेडोच्या पोटात बघून जिवंत परत आलेल्या माणसाची नोंद म्हणून आजही त्याचा दाखला देतात. कचेरी १८७४ पासूनची, पण तिला टोर्नेडो कसा असतो हे शेतकरी येऊन सांगतोय, तेही होऊन गेल्यावर. त्या काळात खात्यानं अंदाजात टोर्नेडो हा शब्दच वापरायचा नाही असा नियम होता, १८८० च्या दशकापासून थेट १९३८ पर्यंत. कारण काय, तर लोक घाबरून गोंधळ करतील! सरकारी डोकं सगळीकडं सारखंच बघ. पहिला यशस्वी अंदाज मिळाला तो १९४८ च्या मार्चमध्ये, ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर, फॉबुश आणि मिलर ह्या दोन लष्करी अधिकाऱ्यांकडून. तळावर पाच दिवसांपूर्वीच एक टोर्नेडो येऊन विमानं मोडून गेलेला, नकाशावर परत तशीच हवा दिसली, त्यांनी भीत भीत सांगितलं, आणि संध्याकाळी खरंच आला.

तरी सुधारणा गावात पोचायला वेळ लागला. २५ मे १९५५, उडाल, हे कायोवात नाही, विचिटाच्या दक्षिणेला कौली काउंटीत, रात्री साडेदहाच्या सुमाराला लोक झोपलेले आणि कुणाला काही कळायच्या आत गाव गेलं. जवळपास ऐंशी माणसं. कॅन्ससच्या इतिहासात ह्याच्याएवढे बळी दुसऱ्या कुठल्याच टोर्नेडोनं घेतले नाहीत. हा आकडा लक्षात ठेव, कारण पुढचं त्याच्याशिवाय कळणार नाही.

४ मे २००७, शुक्रवार, परत कायोवा काउंटी. ह्या वेळी डॉज सिटीच्या त्याच कचेरीत डॉप्लर रडार होतं, म्हणजे ढगात वारा कुठं आपल्याकडं येतोय आणि कुठं लांब जातोय हे स्क्रीनवर दिसतं, दोन्ही एकमेकांना चिकटून दिसले की तिथं गरगर आहे. रस्त्यावर स्टॉर्म चेझर, म्हणजे गाडीनं वादळाचा पाठलाग करणारे, तेसुद्धा होते, पण रात्र, वीज चमकली तरच सोंड दिसायची, आणि सोंड तरी कसली, पावणेतीन किलोमीटर रुंद भिंत, गावापेक्षा रुंद. नेहमीचा इशारा दिल्यावर कचेरीनं वर टोर्नेडो इमर्जन्सी म्हणून वेगळा, फार क्वचित वापरला जाणारा इशारा दिला. गावात सायरन टोर्नेडो यायच्या वीसेक मिनिटं आधी वाजायला लागले. पावणेदहाला तो ग्रीन्सबर्गवर आला, दक्षिणेकडून उत्तरेकडं गावाच्या मधून, ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या वर वारा. टोर्नेडो मोजायची नवी ईएफ पट्टी त्याच वर्षी फेब्रुवारीत लागू झालेली आणि तिच्यावरचा पहिला ईएफ-५, म्हणजे सगळ्यांत वरच्या पायरीचा, हाच.

गाव ९५ टक्के गेलं. कोर्टाची इमारत आणि धान्याचं एलिव्हेटर उभं राहिलं, बाकी झाडांच्या साली निघालेल्या, रस्ता कुठला आणि अंगण कुठलं ते कळेना. माणसं गेली अकरा. अकरा जीव म्हणजे अकरा घरं उजाड झाली, ते हलकं करत नाही मी, पण पंधराशेच्या आसपास वस्तीचं गाव, रात्रीची वेळ, आणि उडालपेक्षा कितीतरी रुंद टोर्नेडो, हे सगळं धरून बघ. घरांखाली तळघरं होती आणि तिथं उतरायला वीस मिनिटं होती, ह्या दोनच गोष्टींनी गाव वाचलं. १९२८ मध्ये शेतकरी कचेरीला सांगायला गेला होता, २००७ मध्ये कचेरीनं शेतकऱ्याला आधी सांगितलं. मला विचारशील तर ह्या काउंटीचा टोर्नेडोचा इतिहास एवढाच आहे, वारा तेव्हाही तोच होता.

पुढचं तू कदाचित वाचलंही असशील, कारण त्याची बरीच जाहिरात झाली. नवं गाव पर्यावरणपूरक बांधायचं असं ठरलं, सरकारी इमारतींना लीड प्लॅटिनम, म्हणजे पर्यावरणपूरक इमारतींचं सगळ्यांत वरचं प्रमाणपत्र, रस्त्यावर सगळे एलईडी दिवे, गावाबाहेर दहा पवनचक्क्या, साडेबारा मेगावॉटच्या. ज्या वाऱ्यानं गाव नेलं त्याच्यावर आता वीज, असं प्रत्येक पत्रकारानं लिहिलंय, मी लिहीत नाही. ओबामांनी २००९ च्या भाषणात गावाचं नाव घेतलं. कॅन्सस विद्यापीठातल्या आर्किटेक्चरच्या पोरांनी तिथं कलाकेंद्र बांधून दिलं, त्याचं नावच ५.४.७, तारखेवरून, इथं महिना आधी लिहितात. मला स्वतःला आवडली ती तिथली विहीर, १८८७-८८ मध्ये हातानं खणलेली, १०९ फूट खोल आणि ३२ फूट रुंद, वर २०१२ मध्ये नवं म्युझियम झालंय आणि गोल जिन्यानं खाली उतरता येतं. म्युझियममध्ये ह्याच काउंटीत सापडलेला जवळजवळ साडेचारशे किलोचा उल्कापाषाण आहे, तो २००७ च्या ढिगाऱ्याखाली गाडला गेलेला, पण सहीसलामत निघाला. १८८० च्या दशकात इलायझा किंबर्ली नावाची शेतकरीण असले काळे दगड अंगणात गोळा करायची म्हणून गाव तिला हसायचं, शेवटी एका प्रोफेसरनं पैसे मोजून विकत घेतले, मग गप्प बसले सगळे.

पण एक गोष्ट ब्रोशरमध्ये नाही. २००० मध्ये ग्रीन्सबर्गची वस्ती १५७४, २०१० मध्ये ७७७, २०२० मध्ये ७४०. म्हणजे निम्मं गाव परत आलंच नाही. म्हातारे लेकीकडं नाहीतर मुलाकडं गेले, विम्याच्या पैशात नवं घर होईना, काहींनी प्रॅटला घर घेतलं. आणि प्रामाणिकपणे बोलायचं तर गळती त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती, शेतं मोठी होत गेली, ट्रॅक्टर मोठे झाले, माणूस कमी लागायला लागला, पोरं कॉलेजला विचिटात आली ती तिथंच राहिली. लोक मला विचारतात की टोर्नेडोला घाबरून माणसं गाव सोडत असतील ना. तसं सोडताना मी तरी कुणी पाहिलं नाही, इथं आयुष्य काढलेल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या घराला एकदाही धक्का लागलेला नसतो. नोकरी नाही म्हणून सोडतात. त्या रात्रीनं वीस वर्षांचं काम एका झटक्यात केलं इतकंच.

अजून एक, तुझ्या पोरांना नकाशा काढायला देणार असशील तर कामाला येईल. २००७ पर्यंत टोर्नेडोचा इशारा द्यायचा तो काउंटीच्या हद्दीनं, म्हणजे टोर्नेडो एका टोकाला असला तरी अख्ख्या काउंटीला. १ ऑक्टोबर २००७ पासून देशभर पद्धत बदलली, ढगाचा रस्ता बघून नकाशावर चौकोन-पंचकोन आखतात आणि तेवढ्याच भागाला इशारा. माझ्या फोनवर आता तोच येतो. बाकी विचिटात दर सोमवारी दुपारी बाराला सायरनची टेस्ट असते, नवीन आलेली मंडळी दचकतात, आम्ही डबा खात बसतो.

मे महिन्यात यायचं म्हणतोयस ते मात्र मनावर घे, आपण दोघं जाऊ ग्रीन्सबर्गला, वहिनींना आणि पोरांनाही आण. काकूंना नमस्कार सांग, गुडघ्याचं ऑपरेशन कधी ठरतंय तेही कळव.

तुझा,
मिल्या

ता. क. हे विसरलोच, तुमच्या गणिताच्या सरांना दे. कॅन्ससमध्येच रूक्स काउंटीत कोडेल नावाचं छोटं गाव आहे, तिथं १९१६, १९१७ आणि १९१८ अशी सलग तीन वर्षं टोर्नेडो आला, तिन्ही वेळा तारीख २० मे! १९१९ ला नाही आला. असं व्हायची शक्यता किती, ते त्यांना काढायला सांग आणि उत्तर मला पाठव.