मृत्यूची वेळ : रक्ताआधी पारा पाहा

संपादक महोदय,

रक्तातल्या रासायनिक बदलांवरून मृत्यूची वेळ काढता येते, अशा आशयाचा मजकूर आपल्या विज्ञान पुरवणीत वाचला. चंद्रपूर जिल्ह्यात पीएम, म्हणजे शवविच्छेदनं, करण्यात माझी निम्मी नोकरी गेली, म्हणून लिहितो.

तत्त्व खरं आहे. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा सुमारे तीसपट असतं. प्राण गेला की ते आत धरून ठेवणारी यंत्रणा बंद पडते आणि ते बाहेर झिरपतं. लॅक्टिक आम्ल वाढतं, साखर उतरते. पण रक्तात हे फार भराभर होतं, आणि नमुना कुठून घेतला त्यावर उत्तर बदलतं. हाताच्या शिरेतली साखर संपत आलेली असते, तेव्हा हृदयाच्या उजव्या कप्प्यात ती चढलेली सापडू शकते, कारण यकृत मरणानंतरही काही काळ ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, फोडत राहतं.

म्हणूनच तज्ज्ञ डोळ्यातल्या, भिंगामागच्या जेलीसारख्या द्रवाकडे वळले. तिथे पोटॅशियम सावकाश वाढतं. मात्र तिथेही पोटॅशियमवरून मृत्यूला किती तास झाले ते सांगणारं, संशोधक स्टर्नर यांचं १९६३ चं सूत्र आणि मादेया यांचं १९८९ चं सूत्र जुळत नाही. पोटॅशियम लिटरमागे १० मिलिमोल आलं, तर पहिलं सूत्र सुमारे ३२ तास सांगतं, दुसरं २२. आरोपी त्या वेळी गावात होता की नाही, हा सगळा खटला त्या दहा तासांत बसतो! उलटतपासणीत वकील नेमकं इथेच बोट ठेवतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

त्यात आमचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर. देह किती थंड झाला, किती ताठरला, यावरूनही वेळ काढतात; पण अशा उन्हात ३७ अंशांचा देह थंड होणार कसा? प्रेताची ताठरता लवकर येते, लवकर जाते. पोटॅशियमही उष्म्यात वेगाने वाढतं. पंचनाम्यात प्रेताची दिशा, कपडे, जवळची चप्पलसुद्धा असे. तिथलं तापमान मला क्वचितच वाचायला मिळालं.

आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणं टप्प्याटप्प्याने बंधनकारक होत आहे. त्यांच्या पेटीत एक साधा थर्मामीटर असावा. हवेचं आणि देहाचं तापमान वेळेसह पंचनाम्यात नोंदवावं आणि प्रेत शवागारातल्या फ्रीजरमध्ये सरकवण्याआधी दोन्ही डोळ्यांतले नमुने वेगवेगळ्या नळ्यांत घ्यावेत. महागड्या यंत्राची मागणी त्यानंतर करू.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी, चंद्रपूर