मास्तर, त्या दोन फुल्यांबद्दल

आदरणीय मास्तर,
सप्रेम नमस्कार.

पँटची उंची कमी करायला, चेन बदलायला येणाऱ्यांची तुमच्याकडे दिवसभर रीघ असते. माझ्या पिशवीच्या कापडावर खडूने मारलेल्या दोन फुल्या तुमच्या लक्षातही नसतील. वरच्या काठाला, एका बंदाच्या दोन टोकांच्या मधे, पाच इंचांच्या अंतराने मारल्या होत्यात. "ह्यांच्या मधे टीप घालायची नाही," एवढंच म्हणालात. पैसे विचारले तर नुसती मान हलवलीत आणि पुढच्या गिऱ्हाइकाची पँट हातात घेतलीत. हे आभार त्या फुल्यांचे. चार लोकांत लिहिते आहे, कारण दोन्ही बाजूंनी वापरायची पिशवी घरी शिवणाऱ्या बऱ्याच जणी नेमक्या तिथेच अडतात.

अशा पिशवीला आतली बाजू नसतेच. आज बाहेर असलेलं छापील कापड उद्या आत जातं. अस्तराच्या साध्या पिशवीत अस्तराच्या बुडाला फट सोडतात, तिथून पिशवी उलटवतात आणि मग हाताने टाके घालून फट बुजवतात. तिथे ते खपून जातं, कारण अस्तराच्या तळाशी कोण डोकावणार? इथे पिशवी फिरवली की तेच टाके समोर येतात. शिवाय सगळं वजन बुडावर. कांदे-बटाटे भरले की हाताचे टाके आधी तिथेच उसवतात. फट वरच्या काठाला ठेवली तर हा प्रश्नच उरत नाही. उलटवून झाल्यावर फटीची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं कापड, अर्धा इंच आत दुमडून इस्त्री करायची. काठाला चहूकडून दाबटीप, म्हणजे वरून दिसणारी टीप, घालायचीच असते, तीच फटही बंद करते. हाताचा एकही टाका लागत नाही, आणि पिशवी कुठून उलटवली ते दोन्ही बाजूंनी कळत नाही.

आता सांगा, हे एवढंसं कुणी सांगू नये? व्हिडिओंत सगळं कसं हळूहळू, खडूची रेघसुद्धा मिनिटभर दाखवतात. आणि नेमकं इथे आलं की "आता उलटवून घ्या" म्हणून थेट इस्त्री केलेली पिशवी समोर. फी घेऊन चालणाऱ्या एका वर्गात छापील कागद मिळाला होता. त्यावर फटीबद्दल एकच ओळ: "योग्य जागी फट सोडावी." योग्य जागा कुठली विचारलं तर उत्तर आलं, "सरावाने कळेल." सराव ज्या कापडावर करायचा ते फुकट येत नाही, हे त्या कागदावर नव्हतं. तुम्ही खडूच्या चार रेघांत जे दाखवलंत, ते सांगायला त्यांना जड का गेलं, देव जाणे.

तुमच्या फुल्या कामी याव्यात म्हणून बाकीचं मापही तसंच बेताचं लागतं. वाचणाऱ्यांसाठी ते इथे लिहिते, तुमची हरकत नसावी.

कापड ४४ इंच पन्ह्याचं असेल तर दोन्ही प्रकारचं प्रत्येकी ७० सेंटिमीटर पुरतं. एक छापील सुती आणि एक गादीपाट ही जोडी उत्तम. गादीपाट जाड, घट्ट विणीचा, मातीचे बटाटे सोसणारा. मांजरपाटही चालतो, पण तो पाण्यात जास्त आटतो. म्हणून दोन्ही कापडं कापण्याआधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायची. हे टाळलं तर पहिल्या धुण्यात एक कापड आटतं, दुसरं आटत नाही, आणि काठाला चुण्या पडतात. त्या कुठल्याच इस्त्रीने जात नाहीत. रंगाची परीक्षाही तेव्हाच: ओल्या कापडावर पांढरा रुमाल ठेवून गरम इस्त्री दाबायची. रुमालाला रंग लागला तर पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा धुवायचं. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो म्हणतात, त्यावर विसंबू नये.

प्रत्येक कापडाचे १६ इंच रुंद आणि १८ इंच उंच असे दोन तुकडे कापायचे, उंची उभ्या धाग्यावर, म्हणजे किनारीला समांतर. छपाईत हत्ती-मोर असतील तर दोन्ही तुकड्यांवर त्यांची डोकी वर आली पाहिजेत. हे कापल्यानंतर बघून उपयोग नाही. खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून दोन-दोन इंचांचा चौकोन काढायचा. बाजू आणि बूड अर्ध्या इंचावर शिवायचं, मग कापलेला कोपरा असा उघडायचा की बाजूची शिवण बुडाच्या शिवणीवर बसेल, आणि तिथे अर्ध्या इंचावर आडवी टीप. एका शिवणीची माया एकीकडे आणि दुसरीची दुसरीकडे लोळवली की कोपऱ्यात गाठोडं होत नाही. पिशवी ११ इंच रुंद, ४ इंच खोल आणि १५ इंच उंच बसते. दोन्ही कापडांची माया सारखीच ठेवायची. अस्तर सूतभर (इंचाचा आठवा भाग) आत घेऊन शिवायची युक्ती साध्या पिशवीला शोभते. इथे दोन्ही पिशव्यांना आळीपाळीने बाहेर यायचं असतं, मग जी सूतभर लहान ती बाहेर आल्यावर ताणली जाते आणि आतली फुगते.

बंदांसाठी प्रत्येक कापडाच्या २४ इंच लांब, अडीच इंच रुंद अशा दोन पट्ट्या, त्याही उभ्या धाग्यावर. आडव्या धाग्यावर कापलेला बंद वजनाने लांबत जातो. खांद्याला अडकवायची असेल तर ३० इंच, मग कापड ९० सेंटिमीटर घ्यावं. दोन्ही कडा अर्धा-अर्धा इंच दुमडून, छापील आणि गादीपाट पाठीला पाठ लावून, कडेपासून सूतभर आत टीप. दीड इंचाचा दुरंगी बंद तयार होतो.

बंद जोडताना तुम्ही आणखी एक गोष्ट केलीत. बोटाने बंद पालथा केलात आणि म्हणालात, "छापील छापिलाला चिकटू दे." हे सूत्र मी आता सगळ्यांना सांगते. छापील पिशवी सुलट ठेवायची, बंदाची छापील बाजू तिच्यावर टेकवायची आणि बंद खाली लोंबता सोडायचा. बाजूच्या शिवणीपासून तीन इंच सोडून बंदाची बाहेरची कड. टोक काठाच्या वर एक इंच निघू द्यायचं. ते पुढे आत जाऊन धरून राहतं. एका बंदाच्या दोन पायांमधे सहा इंच मोकळे उरतात. तुमच्या फुल्या बरोब्बर ह्या सहा इंचांत, दोन्हीकडे बंदापासून अर्धा इंच सोडून. तो अर्धा इंच का, हे उलटवताना कळतं: पिशवी त्या फटीतून ओढताना सगळा ताण टिपेच्या टोकावर येतो, तिथे दोनदा उलटी टीप नसेल तर बंदाचा पायच उसवतो.

मग छापील पिशवी सुलट, तिचे बंद पोटाशी टाचणीने टाचलेले, आणि ती उलट्या गादीपाटाच्या पिशवीत उतरवायची. बंद टाचले नाहीत तर आत कुठे जातात कळत नाही आणि शिवणीत सापडतात. टाचण्या आधी चार ठिकाणी: दोन्ही बाजूंच्या शिवणी आणि दोन्ही मध्य. मशीनचे दाते खालचं कापड पुढे ओढतात आणि वरचं मागे रेंगाळतं. ह्या चार टाचण्या नसतील तर गोल फिरून आल्यावर वरच्या कापडाची चुणी उरते. सैल, पातळ कापड खाली ठेवायचं हेही त्याचसाठी. एका फुलीपासून सुरू करून दुसऱ्या फुलीवर थांबायचं.

फटीतून उलटवल्यावर, ती बंद करण्याआधी, आत हात घालून दोन्ही पिशव्यांच्या बुडाच्या कोपऱ्यांची माया एकमेकींना दोन टाक्यांनी बांधून टाकायची. टाके जरा सैल. हे केलं नाही तर भाजी काढताना आतली पिशवीही वर येते. पुढे बंद झिजला तरी तेवढीच पाच इंचांची दाबटीप उसवून आतून दुरुस्ती होते, बाकी पिशवीला हात लावावा लागत नाही.

दाबटिपेला वरचा दोरा एका कापडाच्या रंगाचा आणि बॉबिनमधला दुसऱ्याच्या. दोऱ्याचा ताण सारखा हवा, नाहीतर खालच्या रंगाचे ठिपके वर दिसतात. आधी चिंधीवर बघून घ्यावं. बंदाच्या कडांशी सुईखाली कापडाचे आठ थर येतात. १६ नंबरची सुई, तीन मिलिमीटरचा टाका, आणि तेवढ्या जागी मशीन पायाने न चालवता हाताने चाक फिरवायचं. घाईने सुई मोडते. बंदाच्या पायाशी काठाखाली सव्वा इंचाचा चौकोन आणि त्यात फुली, म्हणजे आत गेलेलं टोक पक्कं धरलं जातं.

महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून दुकानोदुकानी "कापडी" म्हणून ज्या फिकट रंगाच्या चुरचुरीत पिशव्या मिळतात, त्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्याच. उन्हात राहिल्या की हळूहळू त्यांचा भुगा होतो. विकणाऱ्याला हे ठाऊक असतं, तो बोलत नाही. उलट कापडबाजारात एखादा दुकानदार असतो जो विचारतो, "कापून देऊ की फाडून?" आणि फाडून देतो, म्हणजे धागा सरळ मिळावा. "हे आटेल, दहा सेंटिमीटर जास्त घ्या" म्हणणारा तोच, आणि "एवढं कशाला, अर्ध्या मीटरात होईल" म्हणणाराही तोच. एखादी भाजीवाली बंद ओढून बघते, मग बटाटे आधी घालते आणि टोमॅटो वर. अशा माणसांना कुणी शाबासकी देत नाही, आणि त्यांना ती नकोही असते. तुम्हीही त्यातलेच. ज्यांनी फी घेतली त्यांनी जागा दाखवली नाही, आणि तुम्ही दुसऱ्याच्या कापडावर स्वतःचा खडू झिजवलात.

सोबत एक पिशवी ठेवून जाते आहे. एका बाजूला निळ्या पट्ट्यांचा गादीपाट, दुसरीकडे बारीक फुलांचं छापील. ती टेप आणि खडू ठेवायला वापरू नका, बाजारासाठीच आहे. बंद ३० इंचांचे आहेत. सायकलच्या हँडलला अडकवलीत तर चाकाला लागेल, तेव्हा खांद्यालाच घ्या.

आपली,
पलीकडच्या गल्लीतली